आठवड्यातला एक दिवस

गाईचं वजन काट्याशिवाय काढायचं असेल तर एक टेप पुरते. पुढच्या पायांच्या लगेच मागून छातीचा घेर घ्यायचा, खांद्याच्या टोकापासून शेपटीच्या मुळाशी असलेल्या हाडापर्यंत लांबी घ्यायची. दोन्ही मापं इंचांत. घेराचा वर्ग करायचा, त्याला लांबीने गुणायचं आणि ६६० ने भागायचं. घेर ६० इंच आणि लांबी ५० इंच भरली, तर गाय साधारण २७३ किलोची.

फळ्यावर हे गणित दोन मिनिटांत सुटतं. गोठ्यात तसं होत नाही. एकाने दावं धरायचं, दुसऱ्याने वाकून पोटाखालून टेप सरकवायची, तिसऱ्याने पलीकडून ती पकडायची. तेवढ्यात गाय एक पाऊल पुढे टाकते, टेप घसरते, शेपटीचा फटकारा बसतो आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात. तीन गटांची तीन उत्तरं येतात. मग वाद होतो. टेप तिरकी धरली होती का? गाईने श्वास घेतला तेव्हा घेर वाढला का? सरासरी म्हणजे काय आणि ती काढायची तरी कशाला, हे मुलांना गोठ्यात कळतं. या तासाभरात ती चाललेली असतात, वाकलेली असतात, ओझं उचललेलं असतं, घाबरलेली असतात आणि हसलेलीही असतात. यातली एकही गोष्ट वेळापत्रकात 'व्यायाम' म्हणून लिहिलेली नसते.

जनावराच्या वजनाचा हा अंदाज पुणे जिल्ह्यातल्या पाबळच्या विज्ञान आश्रमाने घडवलेल्या अभ्यासक्रमातलं एक प्रात्यक्षिक आहे. डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये हा आश्रम सुरू केला. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन विभागात अनेक वर्षं काम केलेल्या या शास्त्रज्ञाने शिक्षणाच्या प्रयोगासाठी शिरूर तालुक्यातलं एक अवर्षणग्रस्त, चारचौघांसारखं गाव निवडलं. तिथून उभा राहिला 'मूलभूत तंत्रज्ञानाची ओळख' हा विषय. शाळांमध्ये तो आयबीटी या नावाने ओळखला जातो. आठवी ते दहावी अशी तीन वर्षं, आठवड्यातला एक दिवस हाताने काम करत शिकायचं. शेती आणि पशुपालन, अभियांत्रिकी, ऊर्जा आणि पर्यावरण, गृह आणि आरोग्य असे त्याचे चार भाग आहेत. कधी वाफे तयार करायचे, कधी वेल्डिंग, कधी जमिनीची मोजणी, कधी शोषखड्डा. हा सगळा दिवस उघड्यावर जातो असं नाही, काही भाग वर्कशॉपमध्येही जातो. पण बाकावर तो जात नाही, आणि इथे महत्त्व त्यालाच आहे.

राज्याच्या माध्यमिक शिक्षण मंडळाने हा विषय स्वीकारला आणि कितीतरी शाळांत तो पोहोचला. पाबळच्या प्रयोगाबद्दल आजवर जे बोललं गेलं ते मुख्यतः कौशल्याच्या, रोजगाराच्या आणि ग्रामविकासाच्या अंगाने. तेरा ते सोळा या वयातल्या मुलामुलींच्या शरीराला आणि मनाला आठवड्यातला असा एक दिवस काय देतो, हा प्रश्न मात्र आपल्याकडे फारसा विचारला गेला नाही. डेन्मार्क आणि जर्मनीत तो विचारला गेला, मोजला गेला. त्यांची उत्तरं पाबळच्या गोठ्यातून वाचली की अधिक नीट समजतात.

आधी मोजमापाकडे येऊ. पाच ते सतरा वर्षांच्या मुलांनी रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल, घाम येईल अशी हालचाल करावी, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते. शिवाय आठवड्यातले किमान तीन दिवस स्नायू आणि हाडं बळकट करणारी हालचाल हवी. ही मागणी काही फार मोठी नाही. दोन पिढ्यांपूर्वीचं मूल विहिरीवरून पाणी आणताना, शाळेत पायी जाता-येताना आणि संध्याकाळी आट्यापाट्या खेळताना एवढी हालचाल सहज करत असे. पण जागतिक आरोग्य संघटनेच्या संशोधकांनी १४६ देशांतल्या ११ ते १७ वर्षांच्या सुमारे १६ लाख विद्यार्थ्यांची माहिती एकत्र केली, तेव्हा २०१६ सालचं चित्र असं निघालं की दर दहांतल्या आठ मुलांची हालचाल या मर्यादेपर्यंतही पोहोचत नाही. मुलींमध्ये हे प्रमाण ८५ टक्के, मुलांमध्ये ७८ टक्के. भारताचा आकडा सुमारे ७४ टक्के, म्हणजे जगाच्या सरासरीहून थोडा बरा. त्यामागची कारणं संशोधकांनी सुचवली ती वाचताना थबकायला होतं. मुलग्यांच्या बाबतीत क्रिकेटची ओढ आणि मुलींच्या बाबतीत घरकाम. आपल्या मुली थोड्या अधिक हालतात त्या मैदान मिळालं म्हणून नव्हे. भांडी, झाडलोट आणि पाणी त्यांच्या वाट्याला येतं म्हणून. या आकड्यावर समाधान मानण्याजोगं काही नाही.

हे वयही साधं नाही. उंची सर्वांत वेगाने वाढते त्या साधारण दोन वर्षांत प्रौढपणीच्या एकूण अस्थिद्रव्याचा जवळपास चौथा हिस्सा हाडांत जमा होतो. त्या काळात हाडांवर भार पडायला हवा, ऊन मिळायला हवं. केंद्र सरकारने २०१६ ते २०१८ या काळात केलेल्या राष्ट्रीय पोषण सर्वेक्षणात १० ते १९ वयोगटातल्या २४ टक्के मुलामुलींमध्ये ड जीवनसत्त्वाची कमतरता आढळली. उन्हाचा देश म्हणवणाऱ्या देशातला हा आकडा आहे. त्याच सर्वेक्षणात किशोरवयीन मुलींपैकी ४० टक्के रक्तक्षयाच्या कक्षेत होत्या. आणि राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणाने २०१५-१६ मध्ये १३ ते १७ वयोगटातल्या सुमारे ७ टक्के मुलांमध्ये मानसिक आजाराची नोंद केली. साठ मुलांच्या तुकडीत चार मुलं.

त्या तुकडीचा दिवस आठवून पाहा. सकाळी सहाला गणिताचा क्लास. अकरा ते साडेपाच शाळा. त्यात आठ-नऊ तासिका, सगळ्या बाकावर. पीटीचा तास आठवड्यात दोन-तीनदा असतो, आणि दहावीच्या वर्षी पोर्शन मागे पडला की तोच आधी जातो. सहाला विज्ञानाचा क्लास. रात्री गृहपाठ, मग मोबाइल. या मुलांना आळशी म्हणणं अन्याय आहे. त्यांना बसवून ठेवणारी माणसं मोठी आहेत, आणि ती बसवून ठेवतात ती मुलांच्या काळजीपोटीच.

डेन्मार्कमध्ये 'उदेस्कोले' म्हणजे बाहेरची शाळा ही पद्धत शिक्षकांनीच रुजवली. वरून कुणी आदेश काढला नव्हता. आठवड्यातून किंवा पंधरवड्यातून एकदा वर्ग बाहेर जातो: रानात, बागेत, गावातल्या संग्रहालयात, कधी शाळेशेजारच्या दफनभूमीतही. सहलीला जातात तसं नाही, शिकायला. दफनभूमीतल्या दगडांवरची सालं वाचून शंभर वर्षांपूर्वी माणसं किती जगत होती याचा आलेख काढता येतो, झाडाच्या सावलीवरून त्याची उंची काढता येते, ओढ्याच्या काठावर निबंध लिहिता येतो. २०१४ साली तिथे शालेय सुधारणा झाली. रोजच्या शाळेत सरासरी ४५ मिनिटं हालचाल हवी असा नियम आला आणि शाळेने बाहेरच्या जगाशी जोडून घ्यावं अशी अपेक्षाही. त्याच सुमारास संशोधकांनी 'टीचआउट' नावाचा मोठा अभ्यास हाती घेतला. एकाच शाळेतल्या दोन समांतर तुकड्या घ्यायच्या, एक वर्षभर नियमित बाहेर जाणारी आणि दुसरी नेहमीसारखी वर्गात शिकणारी. मुलांच्या अंगावर हालचाल टिपणारी छोटी यंत्रं लावायची. मुलं ९ ते १३ वर्षांची, म्हणजे किशोरवयाच्या उंबरठ्यावरची.

निष्कर्ष प्रामाणिकपणे सांगायचे तर एका ओळीत मावत नाहीत. बाहेर शिकणारे मुलगे वर्गात शिकणाऱ्या मुलग्यांपेक्षा स्पष्टपणे अधिक हालत होते. मुलींमध्ये तेवढा फरक दिसला नाही. इतरांशी सहकार्याने, आपुलकीने वागण्यात बाहेरच्या तुकड्यांनी थोडी पण खरी आघाडी घेतली. आणि गरीब घरांतून आलेल्या मुलांचे सवंगड्यांशी संबंध सुधारले, त्यांची चुळबुळ कमी झाली. हे शेवटचं वाक्य महाराष्ट्रातल्या प्रत्येक शिक्षकाने लक्षात ठेवावं असं आहे. वर्गात मागच्या बाकावर बसणारं, 'लक्ष नाही' असा शेरा मिळालेलं मूल बाहेर वेगळं दिसतं, हे शिक्षकांना अनुभवाने ठाऊक असतं. तिथे ते मोजलं गेलं.

मुलींच्या बाबतीत फरक का दिसला नाही, याचा विचार आपल्याला अधिक करायला हवा. बाहेर नेलं म्हणजे मुली आपोआप हालू लागतील असं नाही. मुलगे ओढ्यात उतरतात आणि मुली काठावर बसून नोंदी लिहितात, हे दृश्य आपल्याकडच्या कुठल्याही क्षेत्रभेटीत दिसतं. टेप कुणी धरायची आणि वही कुणी, हे शिक्षकाने आधी ठरवलं नाही तर ते जुन्या सवयीने ठरतं. स्वच्छतागृह जवळ आहे का, पाळीच्या दिवसात काय करायचं, सलवार-कमीजमध्ये चढण चढता येते का, हे प्रश्न बारीक वाटतात. पण त्यांचं उत्तर नसलं की त्या दिवशी मुलीच घरी राहतात.

हायडेलबर्गचा अभ्यास लहान आहे, पण लक्षात राहणारा. जर्मनीतल्या या शहराच्या परिसरात पाचवी-सहावीतली मुलं आठवड्यातला एक पूर्ण दिवस रानात शिकत होती. वय सरासरी अकरा वर्षांच्या थोडं पुढे. संशोधकांनी त्यांची लाळ तपासली, कारण कॉर्टिसॉल हे ताणाशी जोडलेलं संप्रेरक लाळेत मोजता येतं. निरोगी शरीरात ते सकाळी वर असतं आणि दिवस चढतो तसं खाली येतं. रानातल्या दिवशी मुलांमध्ये ते तसं उतरताना दिसलं. चार भिंतींत शिकणाऱ्या मुलांमध्ये ती उतरण तशी दिसली नाही. आणि हा फरक मुलं किती पळली यावर अवलंबून नव्हता. रानात नुसतं असण्यात, तिथे शिकण्यातच काहीतरी होतं.

रानातली मुलं ३७ आणि तुलनेतली ११, म्हणजे अवघी ४८ मुलं. एवढ्यावर राज्याचं धोरण उभं करू नये. पण हा धागा एकटा नाही. अमेरिकेच्या इलिनॉय राज्यात ९४ हायस्कूल विद्यार्थ्यांना चिठ्ठ्या टाकाव्यात तसं तीन प्रकारच्या खोल्यांत बसवलं गेलं: एकीला खिडकीच नाही, दुसरीच्या खिडकीतून भिंत दिसते, तिसरीच्या खिडकीतून झाडं. डोक्याला शीण आणणारी कामं दिल्यानंतर जी मुलं झाडांकडे पाहू शकत होती, त्यांचं लक्ष लवकर ताळ्यावर आलं आणि शरीरावरचा ताणही लवकर उतरला. आणि डेन्मार्कच्याच नऊ लाखांहून अधिक लोकांच्या नोंदी तपासणाऱ्या अभ्यासात असं दिसलं की लहानपणी सर्वांत कमी हिरवाईत वाढलेल्यांना पुढे मानसिक आजार होण्याचा धोका सर्वांत हिरव्या परिसरात वाढलेल्यांपेक्षा ५५ टक्क्यांपर्यंत जास्त होता. घरची आर्थिक स्थिती वगैरे गोष्टी हिशेबात घेऊनही धोका वाढलेलाच राहिला.

यात चमत्कार कुठेच नाही. बाहेर शिकण्याने दहावीचे गुण वीसने वाढतात असं कुणीही सिद्ध केलेलं नाही, आणि तसं सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नये. बऱ्याच अभ्यासांतले शिक्षक मुळातच हौशी होते, त्यामुळे फायद्यातला किती वाटा रानाचा आणि किती शिक्षकाचा हे वेगळं काढणं अवघड जातं. पण एवढं नक्की दिसतं, की आठवड्यात एकदा, नेमाने, अभ्यासाचा भाग म्हणून मुलं बाहेर गेली तर मुलगे तरी अधिक हालतात, मुलं एकमेकांशी बरी वागतात, त्यांच्या शरीरावरचा ताण हलका होतो. नुकसान कुठेही दिसलेलं नाही.

आणि एक गोष्ट या आकड्यांत नीट उतरत नाही. मैदानावरचा तास संघात निवडल्या जाणाऱ्यांचा असतो. ज्याला कबड्डीत कुणी घेत नाही, जी धावताना सगळ्यांत मागे राहते, अशांसाठी पीटीचा तास अनेकदा कोपऱ्यात उभं राहण्याचा तास होतो. बाहेरच्या वर्गात कुणाची निवड होत नाही. झाडाचा घेर मोजायला सगळ्यांना जावंच लागतं, वाफ्याला पाणी घालायला बादली सगळ्यांनाच उचलावी लागते. शरीराची लाज वाटण्याचं हे वय. त्या वयात लक्ष शरीराकडे नसून कामाकडे असणं ही मुलांसाठी किती मोठी सुटका असते, हे त्या वयातून गेलेल्या कुणालाही आठवेल.

खरं तर महाराष्ट्राने यासाठी युरोपाकडे पाहायची गरज नव्हती. १९३७ च्या ऑक्टोबरात वर्ध्याला शिक्षण परिषद भरली आणि गांधीजींच्या नई तालीमचा आराखडा डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीने तयार केला. हस्तोद्योग हा शिक्षणाचा मध्य, त्याभोवती बाकीचे विषय. ही कल्पना पुढे सरकारी कागदांत अडकली, शाळांत टकळी उरली आणि विचार निसटला. पण सेवाग्रामात २००५ मध्ये आनंद निकेतन ही शाळा पुन्हा त्याच विचाराने सुरू झाली. तिथे मुलं भाजीपाला पिकवतात, स्वयंपाक करतात, सूत काततात. वाफ्याची लांबी-रुंदी हे क्षेत्रफळ होतं, मेथीच्या जुड्यांचा हिशेब हा नफा-तोटा होतो, आणि खुरप्याने माती उकरताना वर आलेलं गांडूळ हा जीवशास्त्राचा धडा होतो.

आनंद निकेतनच्या कितीतरी आधीची गोष्ट ठाणे जिल्ह्याच्या, आताच्या पालघरच्या किनाऱ्याची. ताराबाई मोडक १९४५ मध्ये बोर्डीला गेल्या, अनुताई वाघ त्यांना येऊन मिळाल्या, आणि पुढे त्यांचं शिक्षणाचं काम कोसबाडच्या टेकडीवर गेलं. आदिवासी पाड्यांवरची मोठी मुलं शाळेत येत नव्हती, कारण त्यांना गुरं राखायची होती. तेव्हा या दोघींनी मुलांना दोष दिला नाही. शाळाच कुरणात नेली. त्यांनी तिला नाव दिलं 'कुरणशाळा'. गुरं चरत असताना मुलं शिकायची. पटावर नावं चढवण्याच्या सोयीपेक्षा यात कितीतरी जास्त होतं. रानातली झाडं, पाखरं, ओढे ही मुलं शिक्षकांहून जास्त ओळखत होती, आणि त्या ज्ञानाला शाळेत पहिल्यांदा मान मिळाला. आज त्याच पट्ट्यातली कितीतरी मुलं आश्रमशाळांच्या पत्र्याच्या वर्गांत दिवसभर बसतात. रानातून उचलून ज्यांना बाकावर बसवलं, त्यांच्यासाठी बाहेरचा वर्ग म्हणजे काढून घेतलेली वस्तू परत करणं आहे.

शहरात रान कुठून आणायचं, हा प्रश्न खरा आहे. मुंबईतल्या कित्येक शाळांना मैदानच नाही. पण धारावीला लागून, मिठी नदीच्या काठावर माहीमचं महाराष्ट्र निसर्ग उद्यान आहे. सुमारे ३७ एकरांची ही जागा एकेकाळी शहराची कचराभूमी होती. १९८३ मध्ये डॉ. सालीम अली यांच्या हस्ते तिथे पहिलं झाड लागलं आणि १९९४ मध्ये उद्यान लोकांसाठी उघडलं. कचऱ्याच्या ढिगावर रान वाढू शकतं, हे ज्या शहराने करून दाखवलं, त्या शहरातल्या नववीच्या मुलांनी परिसंस्था हा धडा केवळ आकृतीवरून का शिकावा? पुण्यात वेताळ टेकडी, तळजाई, पर्वती आहेत. गावोगावी ओढा, बारव, देवराई, गायरान, बाजार आहे. काहीच नसेल तर शाळेच्या आवारातलं एक कडुनिंबाचं झाड आहे. त्याचा घेर, त्याची सावली, त्यावर येणारे पक्षी, त्याच्या पानगळीची तारीख, एवढ्या नोंदी वर्षभर ठेवल्या तरी भूमिती, भूगोल आणि जीवशास्त्र या तिन्ही विषयांचं काम होतं.

आपल्या पाठ्यपुस्तकांनाही हे अमान्य नाही. बालभारतीच्या दहावीच्या भूगोलाचा पहिला पाठच 'क्षेत्रभेट' आहे. त्यात मुलं नळदुर्गहून अलिबागपर्यंत प्रवास करतात. वाटेत जमीन, पीक, हवा, घाट, किनारा बदलत जातो आणि मुलं प्रश्न विचारत जातात. पाठ सुरेख आहे. त्याखाली स्वाध्याय आहे: क्षेत्रभेटीला जाताना कोणतं साहित्य न्याल, कचऱ्याची व्यवस्था कशी लावाल, कारखान्याला भेट देण्यासाठी प्रश्नावली तयार करा. राज्यातली लाखो मुलं दर वर्षी या प्रश्नांची उत्तरं लिहितात. त्यातली बहुसंख्य ती गाइडमधून पाठ करून, शाळेच्या फाटकाबाहेर पाऊलही न टाकता लिहितात. यात दोष पुस्तकाचा नाही.

मग अडतं कुठे? सगळ्यात आधी भीतीपाशी. १ फेब्रुवारी २०१६ ला मुरूडच्या समुद्रात सहलीला आलेले पुण्याच्या एका महाविद्यालयाचे डझनाहून अधिक विद्यार्थी बुडाले. त्या घरांचं दुःख शब्दांत मांडता येणार नाही. त्यानंतर सहलींचे नियम कडक झाले, हमीपत्रं आली, आणि मुख्याध्यापकांनी हात आखडता घेतला. यात त्यांना दोष देता येत नाही, कारण काही घडलं तर पोलीस ठाण्यात त्यांनाच उभं राहावं लागतं. पण वर्षातून एकदा, दोन बस भरून, दोनशे किलोमीटरवर, अनोळखी पाण्याकाठी जाणं हेच धोक्याचं आहे. आठवड्यातून एकदा, पायी, ओळखीच्या टेकडीवर, तीच वाट, तेच शिक्षक, असं जाणं मुळातच अधिक सुरक्षित असतं. मुलं जागा ओळखतात, शिक्षक मुलं ओळखतात. सहल आणि बाहेरचा वर्ग या दोन गोष्टी आपण एकाच खात्यात टाकल्या आणि एका भीतीपायी दोन्ही बंद केल्या.

दुसरी अडचण पटाची. डॅनिश शाळेत एका वर्गात २८ हून अधिक मुलं साधारणपणे नसतात आणि बाहेर जाताना बरोबर बहुधा दोन मोठी माणसं असतात. आपल्याकडे साठ मुलांची तुकडी घेऊन एकटे शिक्षक रस्ता कसा ओलांडणार? हा आक्षेप टाळता येणार नाही. निम्मा वर्ग प्रयोगशाळेत, निम्मा बाहेर असं करता येतं. गावातला शेतकरी, निवृत्त वनरक्षक, बचत गटातली ताई यांना बोलावता येतं. पाबळच्या पद्धतीत गवंडी, सुतार, शेती जाणणारी स्थानिक माणसं निदेशक म्हणून शिकवतात, ती याच विचाराने. पण शिक्षकांची रिकामी पदं भरल्याशिवाय आणि निवडणूक, जनगणना, सर्वेक्षणं अशी कामं त्यांच्या डोक्यावरून उतरवल्याशिवाय नुसतं 'मुलांना बाहेर न्या' म्हणणं म्हणजे त्यांच्यावर आणखी एक ओझं टाकणं होईल. शासनाने आधी हे करावं.

उन्हाचा प्रश्न तुलनेने सोपा आहे. विदर्भ-मराठवाड्यात मार्चनंतर दुपारी मुलांना बाहेर नेऊच नये. पण जूनच्या अखेरीपासून फेब्रुवारीपर्यंत सात-आठ महिने हातात असतात, आणि सकाळचे पहिले दोन तास तर उन्हाळ्यातही.

तिसरी गोष्ट धोरणाची, आणि तिच्याबद्दल स्पष्ट बोलायला हवं. राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने सहावी ते आठवीसाठी वर्षातले दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितलं, आणि २०२४ मध्ये एनसीईआरटीने त्याच्या मार्गदर्शक सूचना काढल्या. त्याच वर्षी महाराष्ट्राने पहिली ते आठवीसाठी 'आनंददायी शनिवार' आणला. दोन्ही पावलं चांगली आहेत. पण दोन्ही आठवीला थांबतात. हालचाल ओसरू लागते, झोप बिघडते, परीक्षेची भीती छातीवर बसते, नेमकं त्या नववी-दहावीच्या वयाला या योजनांत जागा नाही. 'आता अभ्यासाचं वय' म्हणून त्यांना वगळलं, ही मोठी चूक झाली आहे. पाबळचा प्रयोग आठवीला सुरू होऊन दहावीपर्यंत जातो आणि तीन वर्षं आठवड्यातला एक दिवस मागतो. आयबीटी घेतलेली मुलं बोर्डाची परीक्षा देतातच, आणि त्यात या विषयालाही गुण असतात. म्हणजे मंडळाच्या चौकटीत हे बसत नाही, असं म्हणायला आता जागा उरलेली नाही.

दिवाळीच्या सुट्टीनंतर शाळा उघडतील, पालक सभा होतील. चाचणीच्या गुणांबरोबर त्या सभेत आणखी एक प्रश्न विचारावा: आमच्या नववी-दहावीचा वर्ग आठवड्यातल्या कोणत्या दिवशी बाहेर असतो? उत्तर 'कोणत्याच नाही' असं आलं, तर रागावू नये. बरोबर जायला दोन पालक तयार आहोत, असं तिथेच सांगून नाव लिहून द्यावं. सुरुवातीला एक तुकडी, एक दिवस आणि शाळेपासून पायी जाण्याजोगी एक जागा पुरेल. आणि टेप पहिल्यांदा एखाद्या मुलीच्या हातात द्यावी.